तीन रंगूपाडे

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस मी नव्हे. एकतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला. पोरांच्या सायकलींना बांधलेल्या लिंबू-मिरच्या सोडवून मी घरी आणायचो आणि कोशिंबिरीत घालायचो. गिरजा, म्हणजे आमची बायको, ती कोशिंबीर कधी खायची नाही, पण त्यावरून अजून टोमणे मारते. तर असा मी, साईनाथ भेरे, वय बासष्ट, चैत्र लागल्यापासून रोज भर दुपारी फाट्यावरच्या ऐनाच्या झाडाखाली छत्री घेऊन बसतो. लोक म्हणतात, सरांचं डोकं फिरलं. फिरलं तर फिरलं. कारण ऐका आणि मग काय ते बोला.

किन्हवलीच्या पुढं आमचा डांबरी रस्ता एका ठिकाणी तिघांत वाटला जातो. एक डावीकडे जातो, एक सरळ, आणि एक उजवीकडे ओढा ओलांडून मुरबाड तालुक्यात. तिन्ही वाटांना दोन-तीन किलोमीटरवर एकेक पाडा आहे आणि तिन्ही पाड्यांचं नाव रंगूपाडा. वरचा नाही, खालचा नाही, नुसता रंगूपाडा. एसटीचा कंडक्टर विचारतो, "कुठला रंगूपाडा?" आणि उतरणारा म्हणतो, "आमचा." झालं! मोलमजुरीची माणसं सगळी. दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचं, पाऊस आला की परत यायचं. तिन्ही पाडे एकाच माणसानं वसवले, जाणू त्याचं नाव, चार पिढ्यांमागचा. रंगू त्याची बायको. याच्यापलीकडे कुणाला काही ठाऊक नव्हतं, निदान मला तरी.

गेल्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत आमच्या सरपंचानं, आदेशनं, विषय काढला. आदेश माझाच विद्यार्थी, सनावळ्यांत कच्चा, पण पोरगा कामाचा. तो म्हणाला, "शहापूर तालुक्यातल्या आपल्या दोन पाड्यांची नावं बदलू. रेशनचा टेम्पो चुकतो, पोस्टमन चुकतो, उद्या अँब्युलन्स चुकंल." हे वाक्य जसंच्या तसं त्याचं आहे. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि मी हसलो होतो.

"काय ठेवणार नवीन नावं?" मी विचारलं.

"एक साईनगर, एक गणेशनगर."

"वा रे! शहापूरपासून कसाऱ्यापर्यंत साईनगरं किती हायत, मोजलीस कधी?"

लोक हसले. आणि मास्तरासमोर लोक हसले की मास्तराला चढतं. मी उठलो, माईक घेतला आणि सुरू झालो. सिकंदराचा एक सरदार होता, सेल्युकस. चंद्रगुप्ताच्या धड्यात येतो तोच. सिकंदरानं आपल्या सरदारांची लग्नं जिंकलेल्या मुलखातल्या मुलींशी एकाच मांडवात लावून दिली. सेल्युकसच्या वाट्याला अपामा आली, एका हरलेल्या, मारलेल्या सरदाराची पोर. पुढं सिकंदर मेला आणि बाकीच्यांनी त्या बायका टाकल्या म्हणतात. सेल्युकसनं टाकली नाही. तो राजा झाला आणि शहरं वसवत सुटला. बापाच्या नावानं सोळा अँटिओक, आईच्या नावानं पाच लाओदिकिया, स्वतःच्या नावानं नऊ सेल्युकिया. आणि बायकोच्या नावानं किती? इथं मी थांबलो, पोरांसमोर थांबायचो तसा. "तीन! तीन अपामिया! आणि आपल्याकडे तीन रंगूपाडे. जगजेत्या राजानं जे केलं ते आपल्या जाणूनं केलं, अंगावर धड कापड नसताना केलं. एवढं प्रेम पुसून तिथं साईनगर लिहिणार?"

टाळ्या पडल्या. पाड्यातल्या बायांनी डोळ्याला पदर लावला. आदेशचा ठराव जागीच मेला. त्याच सेल्युकसनं म्हातारपणी तरणी राजकन्या केली, तिच्या नावानंही एक शहर वसवलं आणि नंतर तिला आपल्याच मुलाला देऊन टाकली, हे मी गाळलं. भाषणात बसत नव्हतं.

सभा सुटल्यावर सरळ वाटेवरच्या पाड्यातली बुधी माझ्याकडं आली. धाऊची बायको, विशीतली, चौथा महिना लागलेला. तोंडाची फटकळ, पण हसरी.

"सर, त्या राणीला कुणी इचारलं व्हतं का, तुझं नाव गावांना देऊ काय म्हणून?"

मी म्हटलं, "तसं कुठं लिहिलेलं नाही बाई."

"मंग? मला इचारलं तर मी नाय बोलीन. तीन-तीन ठिकाणी लोकं आपल्या नावानं शिव्या घालणार, आपण कुठं कुठं बघायला जायाचं?"

आणि ती खो खो हसली. मीही हसलो. घरी येऊन गिरजाला सांगितलं तर ती म्हणाली, "पोरगी तुमच्यापेक्षा शानी हाय." खरंच होती.

जानेवारीच्या एका दुपारी बुधीच्या पोटात दुखायला लागलं. तिच्यासाठी भट्टीवर न जाता थांबलेल्या धाऊनं टेकडीवर चढून, रेंज पकडून फोन केला. अँब्युलन्स वेळेत निघाली. ड्रायव्हरच्या मोबाइलमधल्या नकाशावर रंगूपाडा एकच होता, तो मुरबाडातला. तरी फाट्यावर आल्यावर त्यानं गाडी थांबवली, कारण मागं कुणीतरी त्याला सांगितलं होतं की इथं नावांचा घोळ आहे. फाट्यावर एक बाई उभी होती. त्यानं काच खाली करून विचारलं, रंगूपाडा कुठला? बाईनं उजवीकडं हात केला. तो गेला. तिथले लोक म्हणाले, आमच्यात कुणी अडलेली नाय. फोन लागेना. तो फिरून परत आला, मग डावीकडचा पाडा केला, मग सरळ. पन्नास मिनिटं गेली. बुधीला गाडीत घातलं तेव्हा लुगडं रक्तानं भिजलं होतं. याच फाट्यापर्यंत आली आणि संपली. पोटातलंही गेलं.

त्यांच्यात बाळंतपणात गेलेल्या बाईला पुरून येताना वाटेवर मागं नाचणी पेरत येतात. ती उठली आणि घराकडं निघाली तर एकेक दाणा वेचत बसावी, वेचता वेचता उजाडावं, आणि तिला घर गाठता येऊ नये. पुरल्या जागेपासून झोपडीच्या दारापर्यंत धाऊनं मूठ-मूठ नाचणी टाकली. मी बाजूला उभा होतो. मला वाटत होतं, तो माझ्या थोबाडीत मारेल. मारायला पाहिजे होती. त्यानं मला हात जोडले, "सर, आलात" एवढंच बोलला आणि पुढं दाणे टाकत गेला.

रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच. त्या ठरावाला मी आडवा आलो नसतो तर? साईनगर तर साईनगर, गाडी साईनगरला पोचली असती. तीन अपामिया! मेल्या, तुला काय करायच्या होत्या तीन अपामिया? त्यातली एक फरात नदीवरची तर धरण बांधलं तेव्हा पाण्याखाली गेली. तानसा-भातसा धरणांच्या मुलखातल्या माणसाला हे काय नवीन आहे? गावं बुडतात, नावं वर तरंगत राहतात. नाव राहिलं म्हणून बाई राहते, असं मी लोकांना सांगून बसलो होतो.

मग राग निघाला तो त्या हात दाखवणाऱ्या बाईवर. म्हटलं, ही कोण भवानी? मी ड्रायव्हरला गाठलं. तो बिचारा स्वतःच हादरलेला. म्हणाला, "आखूड लुगडं, डोक्यावर गाठोडं, पायात काय नाय. आणि सर, ती पोटुशी व्हती. दिवस भरलेली." मी तिन्ही पाडे पालथे घातले. दिवस भरलेली बाई जानेवारीत एकच होती, बुधी. दुसरी रत्ना, तिला तेव्हा सहावा. आणि ती त्या दुपारी बुधीच्या उशाला बसली होती, सगळ्यांनी पाहिलेलं.

रत्ना म्हणजे विनोदची बायको, बुधीच्याच पाड्यातली. विनोदही माझाच विद्यार्थी. त्याची आजी बाईजा, तिन्ही पाड्यांत तिच्याएवढं म्हातारं कुणी नाही. मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि विचारलं, ही बाई कोण असेल? बाईजा चुलीत लाकूड सारत होती. तिनं वर पाहिलंच नाही.

"मास्तर, तुमाला ठाव नाय? तुमीच तर तिची कथा केलीत, माईकवर."

"रंगू?" मी विचारलं.

"तुमी ग्वाड बोलत व्हता," बाईजा म्हणाली. "लोकांना बरं वाटत व्हतं. मी मधी कशाला तोंड घालू? पन परेम-बिरेम काय नाय. कोळशाच्या भट्टीवर चालली व्हती मान्सं. वाटंत रंगूच्या पोटात कळा आल्या. मुकादम थांबंना. जाणूनं तिला त्या फाट्यावरच्या झाडाखाली बसवली आनि बोलला, 'सांजंला येतो.' गेला तो चार दिसांनी आला. तवर काय उरतंय? पुरली तिला तिथंच. पुरली पन वाटेवर टाकायला नाचणी कुठली? दुकाळाचं साल. खायाला दाना नाय, पेरायचा कुठून? मंग ती यायला लागली. भर दुपारची यायाची, इचारायची, 'जाणूचं खोपट कंचं?' जाणूनं पाडा हलवला. नवीन पाड्याला तिचं नाव दिलं. ती आली, इचारती, 'ह्यो कुणाचा पाडा?' लोकं बोलतात, 'रंगूचा.' तिला वाटलं, आपलंच घर. बसली. जाणू तिथून निसटला, दुसरा पाडा केला. त्यालाबी त्येच नाव. मंग तिसरा, वढ्यापल्याड. तिथंच मेला तो, पाड्यामागं पळसाखाली दगड हाय त्याचा. नाचणी नव्हती मास्तर, म्हून त्यानं नावं पेरली. ती अजून येचतीया."

मी घरी आलो आणि गिरजाला सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "आता रत्नाचं बघा. बाकी मागनं."

तेव्हापासून मला एकच ध्यास, रत्ना सुखरूप सुटली पाहिजे. आदेशकडं गेलो, मान खाली घालून म्हटलं, तुझा ठराव परत आण. तो चांगला पोरगा, मागचं काही बोलला नाही. पण पुढची ग्रामसभा एक मेची, आणि रत्नाला डॉक्टरनं तारीख दिली होती मेच्या पहिल्या आठवड्याची. म्हणून ठरवलं, वीस एप्रिलला रत्नाला किन्हवलीला आमच्या घरी आणायची. गिरजानं माजघर रिकामं केलं, गोधड्या उन्हात टाकल्या. विनोद दिवाळीनंतर भट्टीवर गेलाच नव्हता. सगळी तयारी चोख. तरी मी एक तारखेपासून फाट्यावर जाऊन बसायला लागलो. का? कारण कागदावर चोख असलेल्या गोष्टींवरचा माझा विश्वास उडाला होता. गिरजा पाण्याची बाटली आणि भाकरी बांधून द्यायची आणि दारातून म्हणायची, "जा, नाक्यावरचा हवालदार झालात म्हातारपणी."

अकरा एप्रिलला, दुपारचे बारा वाजून गेले असतील, विनोदचा फोन आला. आवाज फाटलेला. "सर, रत्नाला सुरू झालं. गाडी निघालीय. आजीला पन जमंना, पोर आडवं हाय बोलते." मी म्हटलं, "मी फाट्यावर आहे. गाडी चुकणार नाही. तू तिच्याजवळ बस." फोन ठेवला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. डांबर तापून मऊ झालं होतं, आणि ऐनाखालच्या पाचोळ्यात सरडा हलला तरी ऐकू येत होता.

"बाबा, रंगूपाडा कंचा?"

मी वळलो. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. आखूड लुगडं, डोक्यावर गाठोडं, तापल्या डांबरावर अनवाणी पाय. एक हात पोटाखाली धरलेला. वय काय असेल? माझ्या शेवटच्या बाकावरच्या मुलींएवढं. एवढीशी पोर! मी इतके दिवस तिला म्हातारी समजत होतो, आणि ती बुधीपेक्षाही लहान होती.

मला पळता आलं असतं. पण शिक्षकाची सवय कुठं जाते, मी उलट प्रश्न केला, "तुला कुणाकडं जायचंय?"

"जाणूकडं. सांजंला येतो बोलला व्हता. मला लय कळा येतात बाबा. मी समद्या पाड्यांवर गेले. समदी बोलतात, ह्यो रंगूपाडा. मंग तो कुठं हाय?"

लांबून, शहापूरच्या बाजूनं, सायरन ऐकू आला. तिनं मान वळवली आणि तिचा चेहरा उजळला. अहो, मी काय सांगू? रडणाऱ्या पोराला आई दिसावी तसा.

"आली गाडी!" ती म्हणाली. "माज्यासाठीच आली ना? मागं बी आलती. मानूस इचारत व्हता, रंगूपाडा कुठला. मी दाखवला. पन थांबली नाय ती माज्यासाठी. आता थांबंल."

आणि तिनं हात वर केला, उजवीकडं, ओढ्यापलीकडं. तेव्हा मला कळलं. तिनं कुणाला चुकवलं नव्हतं. चार पिढ्या ती झाडाखाली वाट बघत होती की कुणीतरी आपल्याला न्यायला येईल, आणि एक दिवस खरंच गाडी आली, तिचंच नाव विचारत आली. कुणीही हात केला असता.

सायरन वळणाच्या पलीकडं आला. माझ्यापाशी मिनिट असेल, दीड मिनिट. मला सेल्युकस आठवला. तिला म्हणता आलं असतं, तुझ्या नवऱ्यानं तुझ्यावर इतकी माया केली की तीन पाड्यांना तुझं नाव दिलं. तिला बरं वाटलं असतं. ती तिथंच उभी राहिली असती, हात वर करून, पुढच्या गाडीसाठी, पुढच्या बाईसाठी.

"रंगू," मी म्हटलं, "ही गाडी तुझ्यासाठी नाही. रत्नासाठी आहे. तुझ्यासाठी कुणी येणार नाही."

तिनं सायरनकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"जाणू घाबरला होता, पोरी. तुला सोडून गेला आणि मग तुला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही त्याची. तू सापडू नयेस म्हणून त्यानं सगळ्या पाड्यांना तुझं नाव दिलं. तुझं घर यातलं एकही नाही. तो ओढ्यापलीकडच्या पाड्याच्या मागं आहे, पळसाखाली दगड लावलाय तिथं. मेलाय तो. लय वर्षं झाली."

तिचा हात हळूहळू खाली आला. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त विचारलं, "माया नव्हती?"

"मला ठाऊक नाही गं. असेल थोडी. पण नाव दिलं ते मायेनं नाही."

"मंग मी कशाला थांबू," ती म्हणाली. स्वतःशीच म्हणाली. डोक्यावरचं गाठोडं सारखं केलं आणि उजवीकडच्या रस्त्यानं ओढ्याच्या दिशेनं चालायला लागली. मी छत्री टाकली आणि रस्त्याच्या मधे, तिच्या जागेवर उभा राहिलो. गाडी आली. तोच ड्रायव्हर. त्यानं काच खाली केली, तोंड पांढरंफटक.

"सरळ!" मी ओरडलो. "सरळ घाल! दुसरं घर, छपरावर निळं प्लास्टिक, विनोद बाहेर उभा असेल!"

तो गेला. मी वळून पाहिलं तर उजवीकडचा रस्ता मोकळा होता.

रत्ना वाचली. तालुक्याच्या दवाखान्यात पोटावर चीर द्यावी लागली, पण वाचली. मुलगी झाली, पावणेतीन किलो. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. विनोद दवाखान्याच्या पायरीवर माझ्या गळ्यात पडून रडला आणि मीही रडलो. गिरजा दोघांना म्हणाली, "बाळंतीण आत हाय, तुमी दोघं काय इथं बाळंत झालात?"

रत्नाला घरी आणल्यावर बाईजानं पोरीला मांडीवर घेतलं, आणि नावाचा विषय निघाला. मी फाट्यावरचं सगळं रत्नाला सांगितलं होतं, तिला सांगणं मला भाग होतं. ती म्हणाली, "रंगू ठेवायचं." बाईजा दचकली. त्या तीन पाड्यांत चार पिढ्यांत कुणी पोरीला ते नाव दिलेलं नाही. पण रत्ना ऐकेना. "दगडाला नाव, पाटीला नाव, एसटीच्या तिकिटाला नाव. हाकेला ओ देनारं कुनीतरी नको? माजी पोर देईल ओ." बाईजानं पोरीची कुंची सारखी केली. मग वाकून पोरीच्या कानात ते नाव बोलली आणि पोरीनं जांभई दिली. एक मेला आदेशचा ठराव एकमतानं पास झाला. पाड्यांना काय नावं द्यायची ती पाड्यांनीच ठरवली. मी तोंड उघडलं नाही.

इथं संपायला पाहिजे होतं. मलाही तसंच वाटत होतं. म्हणून ठराव झाल्यावर एका सकाळी मी ओढा ओलांडून मुरबाडातल्या त्या पाड्यामागं गेलो, जाणूचा दगड बघायला. म्हटलं, बघू तरी, काही दिसतं का. पळसाखाली दगड होता. दगडावर नाचणी होती. ओंजळभर, नीट ढीग करून ठेवलेली. एकही खडा नाही, मातीचा कण नाही. कुणीतरी एकेक दाणा वेचून, पुसून ठेवावा तशी.

पाड्यात विचारलं, इथं नाचणी कुणी ठेवली? कुणी नाही. इथं कुणी येतच नाही. मला आधी वाटलं, रंगूनं हिशेब चुकता केला, वेचणं संपवलं आणि गेली. बरं वाटलं. अर्ध्या वाटेपर्यंत बरंच वाटत होतं. मग ओढ्यात पाय घातला आणि लक्षात आलं, रंगूसाठी नाचणी पेरलीच नव्हती. जाणूकडं दाणा नव्हता. नाचणी पेरली होती ती धाऊनं. बुधीसाठी. जानेवारीत पेरलेली, पाखरांनी कधीच खाल्ली असायला पाहिजे होती ती.

बुधीनं स्वतः वेचली की रंगूनं तिच्यासाठी, कुणास ठाऊक, पण बुधीच्या वाटेवरचे दाणे संपलेत. आता ती वाटेला लागली असेल.

धाऊला मी काही बोललो नाही. गिरजाला बोललो. तिनं नेहमीसारखी भाकरी बांधली, पाण्याची बाटली भरली आणि आज टोमणा मारला नाही. फक्त म्हणाली, "तिला मात्र लांबण लावू नका. सरळ सांगा."

म्हणून मी बसतो. ड्रायव्हरनं गाडी कुठं घातली, नकाशात काय होतं, रंगूनं हात कुणीकडं केला, यातलं काही मला सांगायचं नाही. बुधी येईल, फटकळ तोंडानं विचारेल, आणि मला एवढंच म्हणायचंय की पोरी, ठराव होत होता, आणि टाळ्या मिळाव्यात म्हणून मी तो पाडला. जाणूला चार पिढ्या ती हिंमत झाली नाही. माझ्याकडे पिढ्या नाहीत, आणि दुपारचे बारा वाजत आलेत.